डाव्या हाफची जागा

हिंगोलीला ज्याला आम्ही परेडचं मैदान म्हणत असू, तिथे मी लहानपणी परेड कधीच पाहिली नाही. छावणी उठली तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. पलटणी गेल्या, घोडे गेले, साहेबांच्या बंगल्यांत शेळ्या बसू लागल्या, आणि एवढं मोठं सपाट रान तेवढं मागे राहिलं. मग ज्याला जे हवं ते त्याने तिथे केलं. सकाळी तालमीतले पहिलवान धावायला येत. बाजाराच्या आदल्या दिवशी कुरुंद्याकडच्या हळदीच्या गाड्या तिथे सुटत. दसऱ्याला रावण उभा राहायचा आणि जळायचा, आणि त्याची राख पुढे आठवडाभर आमच्या पायांना लागायची. सर्कस आली तर तीही तिथेच. आणि रोज दुपार कलली की आमची हॉकी.

पलटणीने जाताना गावाला दोनच गोष्टी ठेवल्या, पाव आणि हॉकी, आणि दोन्हींनी पोरं बिघडतात, असं माझे वडील म्हणत. ते नरसीजवळ आमच्या शेतावर असत. मला शाळेसाठी शहरात मामाकडे ठेवलं होतं. शाळा उर्दूत होती, मार मात्र कुठल्याही भाषेत मिळायचा. शाळा सुटली की मी दप्तर मामाच्या ओसरीत फेकून मैदानावर पळायचो, आणि मामी मागून काय बोलायची ते मी आजही लिहू शकत नाही.

आमचा कॅप्टन बाजारातला हलवाई होता. गोलमध्ये उभा राहिला की निम्मा गोल अंगानेच झाकला जायचा. मी उजवा हाफ, म्हणजे मधल्या फळीत उजव्या अंगाला. डावा हाफ माझा दोस्त, पिंजाऱ्याचा मुलगा. त्याचे वडील, आमचे पिंजारी चाचा, खांद्यावर पिंजण टाकून गावोगाव कापूस पिंजत फिरत आणि थंडीच्या तोंडी बाजारातल्या आपल्या खोलीत गाद्या-रजया भरत. पोरगा त्यांच्यासोबत दिवसभर पिंजणीची तांत छेडायचा आणि दुपारी केसांना-भुवयांना कापूस लागलेल्या अवस्थेत तसाच मैदानात यायचा. आम्ही त्याला म्हातारा म्हणून चिडवायचो. तो चिडायचा नाही, हीच मोठी पंचाईत होती.

त्याचा खेळ मी डोळे मिटून ओळखला असता. डावीकडून चेंडू अडवला की मान वर न करता तो मैदानाच्या आडवा माझ्याकडे मारायचा. आणि त्याच्या मनगटाला असा काही पीळ होता की तो चेंडू माझ्यापाशी पोचण्याआधी, हातभर अंतरावर, एकदा टुणकन उडायचा. सपाट जमिनीवर, काही कारण नसताना. कितीदा तो माझ्या नडगीवर बसला असेल. मी शिव्या घालायचो, तो पलीकडून हसायचा. दुसऱ्या कुणाचाच चेंडू असा उडत नसे. आम्ही सगळ्यांनी करून पाहिलं होतं.

आता मैदानावरची रीत सांगायला हवी, कारण तिच्यावाचून पुढचं काही कळणार नाही. खेळणाऱ्यांपैकी कुणी मेला, की त्यानंतरच्या पहिल्या सामन्यात त्याची जागा मोकळी सोडायची. त्याच्या घरून त्याची हॉकी, म्हणजे काठीच, मागून आणायची आणि त्या जागेवर आडवी ठेवायची. बाकीच्या दहांनी खेळायचं. समोरच्यांनीही त्या जागेतून धावायचं नाही. चेंडू तिथे गेला तर कुणी हात लावायचा नाही. तो आपोआप बाहेर येईपर्यंत थांबायचं. ही रीत पलटणीच्या वेळची, असं जुने लोक सांगत. कुणी शिपाई खेळता खेळता पडला होता म्हणे, आणि त्याच्या सोबत्यांनी त्याच्या जागी कुणाला उभं केलं नव्हतं. खरंखोटं कोण बघायला गेलंय. पण बाजारचा संघ असो, पोलीस लाईनचा असो की कळमनुरीचा, हे सगळे पाळत. जात-धर्म यात कधी आला नाही.

मला ती रीत आवडायची. मेलेल्याला एक दिवस जागा द्यावी, त्यात कुणाचं काय जातं, असं मला वाटे. मग आमचा एक शिंपी गेला. पटकीने, दोन दिवसांत. तो उजव्या बाजूला पुढे खेळायचा आणि चेंडू नेहमी संथ, वळण घेऊन द्यायचा; त्याला घाई म्हणून माहीत नव्हती. पुढच्या सामन्यात त्याची हॉकी जमिनीवर ठेवलेली, आम्ही दहाजण. पोलीस लाईनवाल्यांचा एक जोराचा फटका थेट त्या हॉकीकडे गेला. सगळे थांबले. मैदानाच्या एका अंगाला पडक्या बराकी होत्या आणि फटक्याचा आवाज तिकडून परत यायचा, जणू मागे अजून कुणाचातरी सामना चालू आहे. त्या दिवशी तो परत आलेला आवाज मला नीट ऐकू आला, एवढं सगळं गप्प होतं.

चेंडू हॉकीला लागला नाही. तिच्या अलीकडे मंद झाला, आणि मग तो वळला. संथपणे, शिंप्याच्या वळणाने, आमच्या सेंटर फॉरवर्डच्या पायाशी येऊन थांबला. फॉरवर्डने तो मारला नाही. हॉकी खाली टाकून तो रडायला लागला, आणि हलवाई गोल सोडून त्याच्याकडे चालत गेला.

जमिनीला उतार असेल, खुरांचा खळगा असेल, असं मी मामाला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी एकटा जाऊन मी तिथे चेंडू सोडून पाहिला. उतार होता तो उलट्या बाजूला होता. त्यानंतर मी कुणाला काही समजावायला गेलो नाही. गावात मात्र एक गोष्ट पक्की झाली होती: जागेतून चेंडू येतो तो ज्याची जागा त्याच्याच हातचा येतो. ज्याच्या हातचा आला तो गेला, आणि तो आपल्या जागेवर येऊन गेला. घरच्यांना हे जाऊन सांगत. शिंप्याच्या बायकोला सांगितलं तेव्हा तिने चेंडू कसा आला ते दोनदा विचारून घेतलं.

अशी दहा-बारा वर्षं गेली. शाळा संपली, मी मामाच्या आडतीत बसू लागलो, खेळ सुटला नाही. मग ते वाईट वर्ष आलं. परेडच्या मैदानावर मला आयुष्यात पहिल्यांदा परेड बघायला मिळाली. हैदराबादचं राज्य राखायला निघालेली खाकी कपड्यातली माणसं रोज लाठ्या-बंदुका घेऊन तिथे कवायत करू लागली. आमचे गोलाचे खांब त्यांनी उपटून चुलीत घातले. हळदीच्या गाड्या यायच्या बंद झाल्या. त्यांनी पिंजाऱ्याच्या पोरालाही बोलावलं; अंगाने धट्टाकट्टा, पळायला चपळ. कापसाचा दमा आहे, असं त्याने सांगितलं, आणि त्यांच्यासमोर एवढा खोकला की त्यांनी त्याला हाकलून दिलं. हे मला सांगताना तो हसून हसून खरोखरच खोकायला लागला.

उन्हाळ्यात वडिलांनी घर बंद केलं आणि आम्ही सगळे पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात बहिणीच्या गावी गेलो. त्या काळात गावंच्या गावं तशी जात होती. निघण्याआधी मी त्याला भेटलो. माझ्या हातात हॉकी होती. ती घेऊन नदी ओलांडायची लाज वाटत होती, गाडीत भांडी ठेवायला जागा नव्हती. त्यानेच ती माझ्या हातातून काढून घेतली आणि दोघांच्याही माझ्या घरी राहतील म्हणाला. त्यानंतर मी त्याला पाहिलं नाही.

पावसाळा सरता सरता फौज आली आणि ते राज्य संपलं. कवायत करणारे एका दिवसात नाहीसे झाले. पण त्या दिवसांत त्यांच्या धर्माच्या, पण ज्यांनी काहीच केलं नव्हतं अशा लोकांवरही राग निघाला, आणि कुठे काय झालं याबद्दल मला लिहायचं नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहे. पिंजाऱ्याचा पोरगा त्याच सुमारास पिंजण घेऊन गावांकडे कामाला निघाला होता. घरी बसून खाणार काय, म्हणून. तो आला नाही. त्याची पिंजण वारंगा फाट्यावर एका चिंचेला टेकवून ठेवलेली सापडली. मोडली नव्हती, तांतही शाबूत होती. कुणीतरी पाणी प्यायला जाताना ठेवावी तशी. कुणी म्हणे तो नांदेडच्या स्टेशनात दिसला, कुणी म्हणे हैदराबादेत आहे. चाचांना प्रत्येक बातमी खरी वाटायची.

आम्ही परत आलो तेव्हा थंडी सुरू झाली होती. मैदानावरून फौजेचे तंबू नुकतेच निघाले होते आणि मेखांची भोकं अजून तशीच होती. आमच्यातले तिघं-चौघं हैदराबादेकडे निघून गेले होते, तरी हलवायाने गोलाचे नवे खांब रोवले आणि कसेबसे दहाजण जमवले. कळमनुरीवाल्यांना निरोप धाडला, शुक्रवारी नमाजानंतर सामना. गावात पुन्हा काहीतरी सरळ सुरू व्हावं, एवढीच सगळ्यांची इच्छा होती. आणि हलवाईच मला म्हणाला की डाव्या हाफची हॉकी घेऊन ये.

यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, मलाही नाही. उलट बरं वाटलं. त्याला माती मिळाली नव्हती, त्याच्यासाठी कुणी काही केलं नव्हतं. आपण निदान त्याची जागा सोडू, एवढा मान देऊ. आम्हाला दुसरी कुठली रीत येत होती?

चाचांच्या खोलीत सगळीकडे कापूस उडत होता. त्यांच्या कामाचे हेच दिवस. पोराचीच पिंजण ते चालवत होते. मी रामराम केला, त्यांनी मान हलवली, तांत वाजतच राहिली. हॉकी कोपऱ्यात उभी होती, माझी तिच्या शेजारी. मी सांगितलं की शुक्रवारी सामना आहे आणि त्याची हॉकी पाहिजे. तांत थांबली. गावातल्या प्रत्येकाला ही रीत ठाऊक होती, त्यांना कशी नसेल. ते माझ्याकडे पाहत राहिले. त्यांच्या भुवयांवर कापूस होता आणि डोळ्यांत काय होतं ते मला वाचता आलं नाही. "तुझी घेऊन जा," ते म्हणाले. "त्याची मी घेऊन येतो."

मी हलवायाला सांगितलं की चाचा स्वतः आणून ठेवणार आहेत. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

शुक्रवारी ऊन स्वच्छ होतं पण त्यात ऊब नव्हती. कयाधू नदीकडून धुकं यावं तशी एक पांढरी धूळ मैदानावर तरंगत होती. मेखांच्या भोकांत काहींनी पायाने माती लोटली. बघायला लोक आले होते, पण एरवी असायची ती बडबड नव्हती. चाचा आले. धुतलेला सदरा, डोक्याला रुमाल, हातात हॉकी. ते सरळ डाव्या हाफच्या जागेवर गेले. आम्ही वाट पाहत होतो की आता वाकतील आणि ती आडवी ठेवतील. ते वाकले नाहीत. दोन्ही हातांनी हॉकी धरून तिथेच उभे राहिले, टोक वर, काठी धरावी तशी.

हलवाई त्यांच्याकडे गेला, मागोमाग मी. त्याने हळू आवाजात सांगायचा प्रयत्न केला की आज त्या जागेवर कुणी उभं राहत नसतं, ते बरं नसतं. उभ्या राहणाऱ्याला ते सोसत नाही, हेही लोक म्हणत, पण ते त्याने सांगितलं नाही.

"कुणाची जागा सोडून राहिले तुमी?" चाचा म्हणाले. "माझं पोरगं मेलं न्हाई. कामावर गेलंय. तो येईपर्यंत त्याच्या जागी मी हाय. बापानं लेकराच्या जागी उभं राहावं, यात तुमाला काय तकलीफ हाय?"

त्यांना बाजूला करायचं म्हणजे पोरगा मेला असं त्यांच्या तोंडावर सांगायचं, आणि तसं सांगायला आमच्याकडे काय होतं? एक पिंजण. पोराला आम्ही मान द्यायला निघालो होतो आणि बापाच्या हिशेबी आम्ही त्याला पुरायला निघालो होतो. ती हॉकी जमिनीवर टेकली असती तर गावापुरता तो त्या क्षणी मेला असता. चाचा तेवढ्यासाठी आले होते. हलवाई गोलमध्ये परत गेला. कळमनुरीच्या कॅप्टनने आपल्या पोरांना काहीतरी सांगितलं. सुरुवातीची बुली झाली, मध्यावरच्या दोघांची हॉकीवर हॉकी तीनदा वाजली, आणि आम्ही खेळायला लागलो.

खेळ म्हणजे काय, नुसतं पळणं. सगळे चेंडूपेक्षा चाचांकडेच बघत होते. ते जागचे हलले नाहीत. चेंडू कुठेही असो, ते त्याच्याकडे तोंड करून उभे राहायचे, म्हशीकडे लक्ष ठेवणाऱ्या माणसासारखे. हाफ टाईम झाला तरी ते सावलीत आले नाहीत. मी पाणी घेऊन गेलो. ते प्यायले आणि म्हणाले की हे पळणं लई हाय बाबा, आमचा गडी दमत न्हाई का? मी म्हणालो, नाही दमत. मलाच ऐकू आलं की तो अजून जिवंत आहे असं मी बोलून गेलो.

दुसऱ्या डावात कळमनुरीच्या एकाचा फटका चुकला आणि चेंडू डावीकडे गेला. मी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होतो. चेंडू चाचांच्या रोखाने घरंगळत निघाला आणि एकेक जण थांबत गेला. कुणी ठरवलं नव्हतं. रीत अंगात मुरलेली होती, त्या जागेतला चेंडू कुणाचा नसतो. बावीस माणसांच्या त्या मैदानात एकटे चाचा हलले. ते दोन पावलं पुढे आले आणि त्यांनी चेंडू चक्क पायाने अडवला. फाऊल होता. शिट्टी वाजली नाही.

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. मग एवढ्या लांबून त्यांची नजर माझ्यावर येऊन ठरली. ओळखीचा चेहरा तेवढाच असेल. त्यांनी हॉकी कुदळीसारखी उचलली आणि मारली.

फटका वाईट होता. निम्मी मातीच उडाली. चेंडू मैदानाच्या मध्यापर्यंत कसाबसा येईल असं मला वाटलं. तो येत राहिला. आडवा, सरळ रेषेत, सगळ्यांच्या मधून, आणि वाटेतल्या प्रत्येकाने त्याला वाट दिली. तो मंद होत नव्हता. मी सवयीने हॉकी टेकवली. माझ्यापासून हातभर अंतरावर, मेखेचं भोक नाही, दगड नाही, काही नाही अशा सपाट जमिनीवर, तो एकदा टुणकन उडाला आणि माझ्या नडगीवर बसला.

मला दुखलं नाही. मी मान वर केली तर आमचे सगळे माझ्याकडे पाहत होते. हलवायाने गोलाचा खांब दोन्ही हातांनी धरला होता. तो उडी मारणारा चेंडू आम्ही सगळ्यांनी दहा-बारा वर्षं पाहिला होता. कुणाला काही विचारावं लागलं नाही. रीतीप्रमाणे आता घरच्यांना जाऊन सांगायचं होतं, आणि घरचा माणूस समोर उभा होता.

चाचांना मात्र ती उडी कुणाची ते ठाऊक नव्हतं. ते पोराचा खेळ बघायला मैदानावर कधी आलेच नव्हते. पोटामागे फिरणाऱ्याला कुठला वेळ. मी चालत त्यांच्याकडे गेलो. मला त्यांचा, हलवायाचा, त्या रीतीचा, सगळ्यांचा राग येत होता. चाचांना धाप लागली होती, पण चेहरा उजळला होता.

"बराबर गेला न?" त्यांनी विचारलं.

"व्हय चाचा," मी म्हणालो, "बराबर गेला."

त्यांना ते सोसलं नाही वगैरे काही झालं नाही. पुढच्या शुक्रवारी ते आले, त्याच्या पुढच्याही. थंडीभर आले. पोरगं आलं की म्हणायला नको, जागा दुसऱ्याला देऊन टाकली म्हणून, असं ते बाजारात सांगत. कुणी त्यांची समजूत घालायला गेलं नाही. आणि आमच्यात एकही शब्द न बोलता एक गोष्ट सुरू झाली: डावीकडे कुणी चेंडू मारेनासं झालं. आम्ही नाही, पोलीस लाईनवाले नाहीत, कळमनुरीवालेही नाहीत. तो चेंडू पुन्हा परत आलेला पाहायची कुणाची छाती नव्हती. सगळा खेळ उजव्या बाजूला, आमच्या पायांखालून धूळ उठायची. तिकडच्या अर्ध्या मैदानावर माघातल्या अवकाळी पावसानंतर पोटरीपर्यंत गवत आलं, आणि त्यात चाचांच्या उभं राहण्याची तेवढी एक टक्कल पडलेली जागा.

एका शुक्रवारी खेळ सुरू असताना त्यांनी तिथून मला हाक मारली. म्हणाले, "काहून रे, इकडं बी देत जा की चेंडू. पोराला सांगाया तर पायजे, काय काय खेळलो ते."

"देतो चाचा," मी म्हणालो, आणि उजवीकडे मारला.